घरगुती फॉन्ड्यू संच : भांडे, आच आणि वापर

डिसेंबरच्या सुमारास पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साताऱ्याच्या बाजारात दिसू लागते, संध्याकाळी हवेत गारवा येतो आणि अशा दिवसांत घरच्या मंडळींनी एका भांड्याभोवती बसून गरम काहीतरी खावे, ही कल्पना मनाला पटते. फॉन्ड्यू म्हणजे टेबलावर आचेवर ठेवलेल्या भांड्यातल्या गरम चीज, चॉकलेट, सूप किंवा तेलात लांब काट्याने तुकडे बुडवून खाण्याचा प्रकार. त्याचा संच घ्यावा असे याच दिवसांत पुष्कळांना वाटते आणि मग विचारणा होते ती बहुधा कंपनीची किंवा किमतीची. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधी ठरवायचे ते हे की, या भांड्यात आपण काय करणार आहोत, कारण त्यावरच भांडे कोणत्या धातूचे किंवा मातीचे असावे आणि त्याखाली कोणती आच लागेल हे ठरते.

फॉन्ड्यू चार प्रकारचा असतो आणि चारही प्रकारांची आच वेगवेगळी असते. चॉकलेट साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसला नीट पातळ राहते आणि त्याहून फार तापले की दाणेदार होते. वितळलेले चीज जेमतेम हलके बुडबुडे येतील इतक्या, म्हणजे सुमारे ६० ते ७० अंशांच्या आचेवर सांभाळावे लागते. भाज्या किंवा मांसाचे तुकडे शिजवण्यासाठी ठेवलेले सूप सतत उकळीजवळ असावे लागते, आणि तेलाच्या फॉन्ड्यूला तर १७५ ते १९० अंश लागतात. एकच भांडे आणि एकच ज्योत हे चारही प्रकार सारखेच चांगले करील, असे खोक्यावर छापलेले असले तरी त्यावर विसंबून राहू नये.

या पदार्थाचे मूळ स्वित्झर्लंडमधले. वाइनमध्ये चीज शिजवण्याची कृती झुरिचमधल्या १६९९ सालच्या एका पाककृतींच्या पुस्तकात सापडते. आज त्याला स्विस लोकांचा राष्ट्रीय पदार्थ म्हणतात, पण तो देशभर पोहोचला तो १९३० च्या दशकात, जेव्हा तिथल्या चीज उत्पादकांच्या संघाने चीजचा खप वाढावा म्हणून त्याचा जोरदार प्रचार केला. चॉकलेटचा फॉन्ड्यू त्याहून अलीकडचा. तो १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या एका स्विस उपाहारगृहात तयार झाला. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण असे की, रुंद, उथळ, जाड बुडाचे जे पारंपरिक भांडे आपण चित्रांत पाहतो ते चीजसाठी घडलेले आहे आणि बाकीच्या प्रकारांसाठी त्यात फेरबदल करावे लागले. दुकानात भांड्याचा आकार पाहताना हे लक्षात ठेवले, तर निम्मी निवड तिथेच होते.

भांडे कसे पारखावे

चीजसाठी भांडे रुंद तोंडाचे, उथळ आणि जाड बुडाचे हवे. ते मातीचे, म्हणजे चकचकीत लेप दिलेल्या भाजलेल्या मातीचे असते, किंवा इनॅमलचा लेप दिलेल्या बिडाचे असते. मातीचे भांडे हळू तापते, उष्णता चारी बाजूंना सारखी पसरवते आणि चीज खाली लागू देत नाही. परंतु त्याला अचानक गरम-थंड सोसत नाही, आणि शिवाय बाजारातली बरीच स्वस्त मातीची भांडी केवळ मेणबत्तीच्या आचेपुरती केलेली असतात. ती गॅसच्या शेगडीवर ठेवली तर तडकू शकतात. गॅसवर चालेल असे उत्पादकाने स्पष्ट लिहिलेले असेल तरच मातीचे भांडे चीजसाठी घ्यावे. इंडक्शन शेगडी असणाऱ्यांनी तर मातीचा विचारच सोडावा. लोहचुंबक बुडाला चिकटतो की नाही ही साधी परीक्षा दुकानातच करून पाहावी.

डोशाच्या बिडाच्या तव्याची आणि बिडाच्या कढईची आपल्याला सवय आहेच. बीड एकदा तापले की बराच वेळ गरम राहते, आणि हाच गुण फॉन्ड्यूत सर्वांत कामाचा. आतून इनॅमलचा लेप असलेले बिडाचे भांडे चीज, सूप आणि चॉकलेट या तिन्हींना चालते, गॅसवर आणि इंडक्शनवर बसते, आणि लेप नीट सांभाळला तर वर्षानुवर्षे टिकते. लेप नसलेले उघडे बीड मात्र यासाठी घेऊ नये, कारण लिंबू किंवा वाइनची आंबट चव लोखंडाशी जुळत नाही. घरात एकच संच घ्यायचा असेल आणि थोडा जास्त खर्च परवडत असेल, तर माझी निवड निःसंशय याच भांड्याची आहे. ते जड असते ही त्याची एकमेव अडचण. भरलेले भांडे गॅसवरून उचलून स्टँडवर ठेवताना दोन्ही हात लागतात, म्हणून दोन बाजूंना कान असलेले भांडे एका लांब दांड्याच्या भांड्यापेक्षा बरे.

स्टेनलेस स्टीलचे भांडे तेलासाठी आणि सुपासाठी योग्य. ते खोल असावे आणि तोंडाशी किंचित आत वळलेले असावे, म्हणजे तेलाचे शिंतोडे बाहेर उडत नाहीत. पातळ पत्र्याच्या स्टीलमध्ये चीज करू नये. ज्योतीच्या नेमके वर जो भाग येतो तिथे ते करपते आणि तो वास साऱ्या भांड्याला लागतो. तांब्याचे संच दिसायला देखणे असतात, पण आतून स्टीलचा थर किंवा चांगली कल्हई असल्याखेरीज ते आंबट पदार्थासाठी वापरू नयेत, हे आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कोणीही सांगेल.

आकाराबाबत एवढेच की, चार ते सहा माणसांना चीजसाठी २० ते २४ सेंटिमीटर व्यासाचे, दीड-दोन लिटरचे भांडे पुरते. चॉकलेटला ३०० ते ५०० मिलिलिटरचे छोटे मातीचे भांडे पुरेसे असते आणि त्याचा संच अगदी माफक किमतीत मिळतो. ज्या घरात चीज फारसे खाल्ले जात नाही, पण स्ट्रॉबेरीच्या दिवसांत मुलांना गंमत हवी असते, त्या घराने एवढा छोटा संच घेऊन थांबावे.

बर्नर, आणि त्याबाबतची सावधगिरी

संचातला बर्नर हा भांड्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि दुकानात त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. चार पर्याय दिसतात. पसरट डबीतली छोटी मेणबत्ती, जिला टी-लाइट म्हणतात, ती फक्त चॉकलेटसाठी. तिच्यावर चीज थंड पडत जाते आणि सूप तर कधीच उकळत नाही. जेलचा बर्नर म्हणजे लग्नातल्या बुफेच्या भांड्यांखाली केटरिंगवाले जो जेलचा डबा ठेवतात त्याच जातीचा. तो चीजला उत्तम. स्पिरिटचा बर्नर सर्वांत तापट, त्यामुळे सुपाला आणि तेलाला उपयोगी, आणि झाकणावरची भोके कमी-जास्त उघडता येत असतील तर चीजलाही चालतो. चौथा पर्याय विजेचा. त्यात तापमान कमी-जास्त करता येते, उघडी ज्योत नसते, म्हणून लहान मुले किंवा वयस्कर माणसे असलेल्या घरात मी तोच सुचवीन. मात्र परदेशातून कोणी आणून दिलेला संच असेल तर तो २३० व्होल्टवर चालतो का ते आधी पाहावे, कारण अमेरिकेतली उपकरणे बहुधा ११० ते १२० व्होल्टची असतात आणि आपल्या प्लगला लावताच जळतात. विजेची तार टेबलावरून लोंबकळणार नाही, अशी जागाही आधी शोधून ठेवावी.

स्पिरिट आणि जेल या दोन्हींची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. बर्नर विझला असे समजून त्यात पुन्हा स्पिरिट ओतणे, हे फॉन्ड्यूमधले सर्वांत धोक्याचे कृत्य आहे, कारण गरम बर्नरमधून निघणारी वाफ क्षणात पेट घेते आणि आग हातातल्या बाटलीपर्यंत पोहोचते. म्हणून नियम असा ठेवावा की, इंधन भरायचे ते जेवणाआधी, स्वयंपाकघरात, आणि बर्नर पूर्ण गार असताना. तेही निम्म्यापर्यंत किंवा फार तर दोन-तृतीयांश. मध्येच इंधन संपले तर भांडे उचलून पुन्हा गॅसवर गरम करावे, परंतु टेबलावर बाटली आणू नये. ज्योत विझवताना फुंकर मारू नये, झाकण ठेवून ती कोंडावी. जळाऊ स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकते, त्यामुळे ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणे पूर्णपणे टाळावे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आड येते आणि ती म्हणजे छताचा पंखा. पंख्याच्या वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकते, भांड्याची एक कड तापते आणि दुसरी थंड राहते, शिवाय ज्योत स्टँडच्या बाहेर येते. तेव्हा पंखा बंद ठेवावा, पण खोली कोंडून घेऊ नये. एखादी खिडकी उघडी असलीच पाहिजे. संच प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर थेट ठेवू नये. खाली स्टीलची मोठी परात किंवा दगडी फरशीचा तुकडा घ्यावा. जमिनीवर चौरंग मांडून बसायचे असेल, तर ते मोठ्यांपुरतेच ठेवावे. रांगणारे मूल असलेल्या घरात हा बेत नको. पदर, ओढणी आणि शालीची टोके आधीच खोचून घ्यावीत, कारण हात सतत ज्योतीच्या वरून पलीकडे जात असतो.

दुकानातली परीक्षा

संच विकत घेताना तो खोक्यातून बाहेर काढून काउंटरवर मांडायला सांगावा. साताऱ्याच्या मोती चौकातले असोत की सांगलीच्या पेठेतले, भांडीवाले यासाठी नाही म्हणत नाहीत. भांडे स्टँडवर ठेवून दांडा बोटाने हळूच ढकलून पाहावा. भांडे घसरते किंवा स्टँडचा एक पाय उचलला जातो, तर तो संच कितीही सुंदर असला तरी परत करावा. भांड्याचे बूड स्टँडच्या खाचेत बसलेले असावे, नुसते वर टेकलेले नसावे. बर्नरचे तोंड आणि भांड्याचे बूड यांमध्ये साधारण तीन-चार बोटांचे अंतर असले, तर ज्योतीला हवा मिळते आणि काजळी धरत नाही. बर्नरला घट्ट बसणारे झाकण आहे ना, हे आवर्जून पाहावे; स्वस्त संचांत नेमके तेच नसते.

काटे किमान सहा असावेत, हातभर नव्हे पण वीतभराहून लांब असावेत, आणि प्रत्येकाच्या टोकाला वेगळा रंग असावा, म्हणजे आपला काटा ओळखू येतो. पावासाठी तीन दातांचे आणि मांसासाठी दोन दातांचे काटे वापरण्याची रीत आहे. घरी तीन दातांचेच घेतले तरी काही बिघडत नाही. मूठ लाकडाची किंवा उष्णता न पोहोचणारी हवी. पात्याचा आणि मुठीचा जोड हलवून पाहावा, कारण जोड ढिला असेल तर काही दिवसांतच काटा मुठीतून निसटतो.

चीज फॉन्ड्यू

सर्वांत आधी लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, चीज वितळवायचे ते स्वयंपाकघरातल्या शेगडीवर. टेबलावरचा बर्नर ते फक्त गरम ठेवण्यासाठी आहे. थंड भांड्यात किसलेले चीज भरून खाली मेणबत्ती लावली आणि वाट पाहत बसले, तर तेल वेगळे आणि चिवट गोळा वेगळा एवढेच हाती लागते.

स्विस घरांतली कृती ग्रुयेर आणि व्हाशरँ ही दोन चीजे निम्मी-निम्मी घेऊन, कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये वितळवण्याची आहे. अस्सल ग्रुयेर वासराच्या जठरातून मिळणारे, दूध साकळवणारे रेनेट वापरून करतात, त्यामुळे शाकाहारी कुटुंबांना ते चालत नाही. भारतात तयार होणारे गौडा, एमेंटल आणि चेडर हिरव्या चिन्हासह मिळते. पाकिटावरचे चिन्ह पाहून घ्यावे. पिझ्झासाठीचे मोझरेला एकट्याने वापरू नये, त्याची नुसती तार येते आणि गार होताच ते रबरासारखे होते. पनीर तर वितळतच नाही, कारण ते आंबटाने फाडलेले असते. त्याचे चौकोनी तुकडे बुडवून खायला मात्र छान लागतात.

चार माणसांच्या संध्याकाळच्या खाण्याला ४०० ग्रॅम चीज पुरते. रात्रीचे पूर्ण जेवणच ते असेल तर माणशी १५० ते २०० ग्रॅम धरावे. मी २५० ग्रॅम गौडा, किंवा मिळाल्यास त्यात निम्मे एमेंटल, आणि १५० ग्रॅम साधे प्रोसेस्ड चीज असे प्रमाण सुचवितो. प्रोसेस्ड चीज कमी प्रतीचे म्हणून त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेट जातीचे क्षार घातलेले असतात, आणि ते क्षार स्वतःबरोबर शेजारच्या गौड्यालाही फुटू देत नाहीत. चव गौड्याची आणि एकजीवपणा प्रोसेस्ड चीजचा, असा तो मेळ आहे.

हे असे का होते ते समजून घेतले तर पुढच्या सगळ्या कृतीचा उलगडा होतो. चीजमध्ये दुधाची प्रथिने कॅल्शियमने एकमेकांना धरून ठेवलेली असतात आणि त्यांच्या जाळीत स्निग्धांश अडकलेला असतो. नुसती उष्णता दिली की स्निग्धांश वितळून बाहेर पडतो आणि प्रथिने आवळून गोळा होतात. वाइनमधले टार्टरिक आम्ल किंवा लिंबातले सायट्रिक आम्ल त्या कॅल्शियमला आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळे प्रथिने सैल होऊन द्रवात पसरतात, आणि कॉर्नफ्लोअरची पेज त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. आंबट, पिठी आणि मंद आच, या तिघांपैकी एक जरी चुकले तरी फॉन्ड्यू फुटतो.

चीज किसून त्याला दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर चोळावे आणि ते अर्धा तास फ्रिजबाहेर ठेवावे. भांड्याच्या आतून लसणाची कापलेली पाकळी फिरवावी. ज्यांना वाइन चालते त्यांनी १७५ मिलिलिटर कोरडी पांढरी वाइन घ्यावी. ज्यांना चालत नाही त्यांनी तेवढेच पाणी किंवा भाज्यांचे पातळ, बिनमिठाचे सूप आणि दोन छोटे चमचे लिंबाचा रस घ्यावा. तासगावकडची हंगामाच्या सुरुवातीची आंबटसर हिरवी द्राक्षे मिळाली, तर त्यांचा गाळलेला रस थोडा पाण्याबरोबर घालून पाहावा; द्राक्षातले मुख्य आम्ल टार्टरिकच असल्यामुळे तो वाइनच्या जागी शोभतो. वाइनच्या ऐवजी दूध घ्यावे असे बऱ्याच जणांच्या मनात येते, पण गरम दुधात लिंबू पडले की काय होते ते आपण जाणतोच. दूध घेऊ नये.

द्रव मध्यम आचेवर ठेवून कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की आच मंद करावी. मग चीज एकेक मूठ घालावे, आणि पहिली मूठ पूर्ण विरघळल्याखेरीज दुसरी घालू नये. लाकडी कालथ्याने गोल गोल न फिरवता आडवे-उभे ढवळावे, कारण गोल ढवळण्याने चीजचा मधोमध पिळा बनतो. सुरुवातीला द्रव पातळ आणि त्यात धागे तरंगताना दिसतील. त्याने घाबरून जाऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या मुठीनंतर एक क्षण असा येतो की धागे दिसेनासे होतात, पृष्ठभागावर मंद चमक येते आणि कालथा उचलला की त्यावरून चीज तुटक न पडता सलग, रुंद पट्टीसारखे ओघळते. तिथे ते जमले असे समजावे. शेवटी मिरपूड आणि किसलेले जायफळ घालावे. मीठ घालू नये. चीजमध्ये ते पुरेसे असते.

फॉन्ड्यू फुटून तेल वर आले, तर अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर लिंबाच्या रसात कालवून घालावे आणि मंद आचेवर जोरात फेटावे. बहुतेक वेळा तो परत जुळून येतो. घट्ट झाला तर कोमट पाणी किंवा वाइन चमचाभर घालावी. पातळ वाटला तर थोडे किसलेले चीज घालून दोन मिनिटे थांबावे, घाईने कॉर्नफ्लोअर वाढवू नये, नाहीतर चव पिठूळ होते.

पावाची निवड ही आपल्याकडची खरी अडचण. ताजा लादीपाव इतका मऊ असतो की तो काट्यावरून भांड्यात सुटतो. आदल्या दिवशीचा पाव घ्यावा किंवा बेकरीतून कडक कवचाचा पाव मिळवावा, आणि तुकडे असे कापावेत की प्रत्येकाच्या एका अंगाला कवच येईल. काटा मऊ बाजूने खुपसून कवचात रुतवला की तुकडा पडत नाही. पाव फारच मऊ असेल तर तुकडे मंद तव्यावर दहा मिनिटे वाळवून घ्यावेत. चपाती-भाकरी यासाठी उपयोगाची नाही. सालासकट उकडलेले छोटे बटाटे, अर्धवट वाफवलेले फ्लॉवरचे तुरे, गाजर, परतलेली मश्रूम आणि बेबी कॉर्न या सर्वांना चीज चांगले धरते, फक्त ते पुसून कोरडे केलेले हवेत. चीजच्या जडपणावर उतारा म्हणून स्विस लोक व्हिनेगरमधल्या काकड्या आणि कांदे घेतात. आपण व्हिनेगरमधला कांदा ठेवावा, आणि ताटलीच्या कडेला खर्डा असला तर सातारकरांची तक्रार राहणार नाही. बरोबर प्यायला बिनदुधाचा गरम चहा घ्यावा.

एका भांड्यात सर्वांनी काटे बुडवायचे म्हटले की आपल्याकडे उष्ट्याचा प्रश्न येतो, आणि तो योग्यच आहे. त्यावर तोडगा सोपा आहे. संचातला लांब काटा फक्त बुडवण्यासाठी वापरावा. तुकडा वर काढला की क्षणभर भांड्यावर धरून ओघळ थांबू द्यावा, मग तो आपल्या ताटलीत उतरवून दुसऱ्या काट्याने किंवा हाताने खावा. हीच रीत सुरक्षितही आहे, कारण गरम तेलातून निघालेला काटा ओठांना लागला तर चांगलेच भाजते. पाहुण्यांना हे बसण्यापूर्वीच मोकळेपणाने सांगावे. काटा बुडवताना तळापर्यंत नेऊन एकदा फिरवावा. प्रत्येकाच्या हातून असे थोडे थोडे ढवळले गेले की चीज खाली लागत नाही.

शेवटी तळाशी पातळ सोनेरी खरवड धरते. ती फेकू नये. ज्योत विझवून कालथ्याने ती सबंध सोडवावी आणि वाटून खावी. स्वित्झर्लंडमध्ये तिचा मान मोठा आहे, आणि दुधाची खरवड आवडीने खाणाऱ्या आपल्या घरांतही तो राहील.

चॉकलेट फॉन्ड्यू

बाजारात चॉकलेटच्या ज्या मोठ्या लाद्या मिळतात त्यांतल्या पुष्कळशा कंपाउंडच्या असतात, म्हणजे त्यांत कोको बटरऐवजी दुसरे वनस्पती तेल असते. त्याने काम भागते, पण जिभेवर मेणचटपणा राहतो. घटकांच्या यादीत कोको बटर लिहिलेले चॉकलेट निवडावे. २०० ग्रॅम गडद चॉकलेटचे बारीक तुकडे करून त्यावर वाफ येईपर्यंत तापवलेले, पण न उकळलेले, १५० मिलिलिटर क्रीम ओतावे, दोन मिनिटे हात लावू नये आणि मग मधून बाहेर ढवळत न्यावे. हे मिश्रण गरम पाण्याने शेकून पुसलेल्या छोट्या भांड्यात ओतून खाली एकच टी-लाइट लावावी, आणि मिश्रण तापू लागलेले दिसले की मेणबत्ती काही वेळ काढून घ्यावी.

चॉकलेट एकटेच वितळवताना त्यात पाण्याचे दोन थेंब पडले तर ते घट्ट, दाणेदार होते, कारण साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण ओलाव्याने एकमेकांना चिकटतात. असे झाले तर आणखी चमचा-दोन चमचे गरम दूध घालून फेटावे. पुरेसा द्रव मिळाला की ते पुन्हा सुटते. क्रीम घातलेल्या मिश्रणाला हा धोका कमी असतो, पण ओल्या फळावर चॉकलेट टिकत नाही, म्हणून फळे धुऊन पंचावर पसरून पूर्ण कोरडी करावीत.

स्ट्रॉबेरी टणक, देठापर्यंत लाल झालेली निवडावी. मऊ पडलेली फळे काट्यावर फुटतात, ती मिल्कशेकसाठी बाजूला काढावीत. देठाची हिरवी पाने काढू नयेत. पाने धरून फळ बुडवता येते आणि लहान मुलांच्या हाती टोकदार काटा द्यावा लागत नाही. फळ थोडे गार असले तर त्यावर चॉकलेटचा थर लगेच धरतो आणि हनुवटीवर ओघळत नाही. केळी, सांगली-तासगावची द्राक्षे, चिकूच्या फोडी, मावा केक आणि खारी हेही ठेवावे. खारी हाताने बुडवावी, काट्याने तिचा चुरा होतो. बेदाणे बुडवता येत नाहीत, पण चॉकलेटमध्ये बुडवलेली केळ्याची फोड बेदाण्यांत घोळवून खाल्ली तर ती चव विसरता येत नाही.

सूप आणि तेल

सुपाच्या फॉन्ड्यूत भाज्यांचे किंवा कोंबडीचे मसालेदार सूप उकळत ठेवून त्यात प्रत्येकाने आपला तुकडा शिजवायचा, आणि शेवटी उरलेले सूप सर्वांनी वाटून प्यायचे. कमी तेलात होणारा आणि पचायला हलका म्हणून मला हा प्रकार फार आवडतो. स्पिरिटचा किंवा विजेचा बर्नर असल्याशिवाय कच्चे चिकन यात वापरू नये. मंद सुपात ते आतून कच्चे राहते. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, त्यामुळे तिथे मुक्कामी हा बेत केला तर तुकडे पातळ कापावेत आणि वेळ थोडा जास्त द्यावा. कच्च्या मांसाची ताटली आणि खायची ताटली वेगळी असलीच पाहिजे.

तेलाचा फॉन्ड्यू मी घरी करण्याची शिफारस करीत नाही. तरीही करायचाच असेल तर तो खोल स्टीलच्या किंवा लेप दिलेल्या बिडाच्या भांड्यातच करावा, मातीच्या भांड्यात मुळीच नाही. तेल भांड्याच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, तुकडे पुसून कोरडे करून दोन सेंटिमीटरएवढे कापावेत, आणि एका वेळी तीन-चारच काटे आत असावेत, कारण जास्त तुकड्यांनी तेल थंड पडते आणि पदार्थ तेल पितो. पावाचा तुकडा मिनिटभरात सोनेरी झाला तर तेल तापले असे समजावे. तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी टाकू नये, झाकण ठेवावे आणि खालची ज्योत कोंडावी. त्यासाठी भांड्याचे झाकण सुरुवातीपासूनच हाताशी असावे.

धुणे आणि ठेवणे

चीजचे भांडे गरम पाण्यात टाकले तर प्रथिने आणखी घट्ट चिकटतात; भांडे निवू द्यावे, मग थंड पाणी भरून तासभर ठेवावे, आणि मऊ घासणीने धुवावे. तारेची घासणी इनॅमलला लावू नये. करपलेला डाग राहिलाच, तर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ते भांड्यातच पाच मिनिटे उकळावे. काटे मुठीपर्यंत पाण्यात बुडवून ठेवू नयेत, जोड सुटतो. उरलेले चीज डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले तर दुसऱ्या दिवशी टोस्टवर लावायला चालते. बर्नर पूर्ण गार झाल्यावर त्यातले उरलेले स्पिरिट परत खुणेच्या बाटलीत ओतून, बर्नर पुसून आणि कोरडा करून, भांड्यापासून वेगळा ठेवावा. इंधनाची बाटली देवघर आणि शेगडी या दोन्हींपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर असावी.